उसना अंगरखा : फ्रान्सिस्कन संघाच्या इतिहासाची प्रस्तावना

लातूरच्या गंजगोलाईत कापड दुकानाच्या गादीशेजारी बसून ज्याने थान उलगडताना पाहिले आहे, त्याला या पुस्तकाची सुरुवात परकी वाटणार नाही. इटलीत असिसी नावाचे डोंगरउतारावरचे गाव आहे. तिथे पिएत्रो बेर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी होता. ११८१ किंवा ११८२ साली त्याला मुलगा झाला, फ्रान्सिस. मुलगा दुकानात वाढला, उंची कपडे ल्याला, मित्रांवर हात सैल सोडून खर्च करायला शिकला. बापाची त्याला ना नव्हती. पुढे गादी त्यालाच सांभाळायची होती.

१२०६च्या सुमारास या मुलाने दुकानातले भारी कापड घोड्यावर लादले, फोलिन्योच्या बाजारात नेऊन विकले, घोडाही विकला आणि आलेले पैसे सान दामियानोच्या पडक्या ख्रिस्तमंदिराच्या दुरुस्तीसाठी तिथल्या धर्मगुरूपुढे धरले. धर्मगुरू बापाच्या भीतीने पैसे घेईना, तेव्हा मुलाने ते खिडकीत भिरकावून दिले. बापाने त्याला बिशपांपुढे उभे केले. मुलाने पैसे परत केलेच, शिवाय अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले. बिशपांनी त्याला आपल्या झग्यात झाकून घेतले. कापड व्यापाऱ्याचा मुलगा भर लोकांत उघडा उभा राहिला, तिथून फ्रान्सिस्कन संघाची गोष्ट सुरू होते. या पुस्तकाचा विषय तीच गोष्ट आहे.

मराठी वाचकाला ख्रिस्ती लेखन नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि २०२०च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. स्टीफन्स जेझुइट होते, दिब्रिटो धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. आपण मात्र सगळ्यांना सरसकट ‘फादर’ म्हणतो आणि सोडून देतो. कोण कोणत्या संघाचा, त्या संघाचे व्रत काय, त्या व्रतापायी कुणाला काय सोसावे लागले, याची विचारपूस आपण फारशी केली नाही. भिक्षेवर जगण्याची शपथ घेतलेल्या या संघाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती तुकड्यातुकड्यांनी. ठाण्याची एक, वसईची एक, बोरिवलीच्या लेण्याची एक. हे तुकडे एका धाग्यात ओवावेत, हा या लेखनाचा हेतू.

पुढे जाण्याआधी एका शब्दाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. या संघाच्या तीन व्रतांपैकी पहिले मराठीत ‘दारिद्र्य’ म्हणून सांगितले जाते. मराठवाड्यात बसून हा शब्द लिहिताना पेन अडते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूरकरांनी घागरी भरल्या. कर्जापायी घरचा कर्ता गमावलेली घरे या जिल्ह्यातल्या गावोगावी आहेत. दिवाळी सरते न सरते तोच कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे आपण दरवर्षी पाहतो. इथे कुणी कुणाला गरिबीचे कौतुक सांगू नये. लादलेली गरिबी ही अन्यायाची खूण आहे, तिच्यात पुण्य शोधणे हे पाप आहे. फ्रान्सिसने घेतलेले व्रत वेगळे होते. ज्याच्याकडे होते त्याने ते आपण होऊन सोडले आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्या शेजारी जाऊन राहिला. मरण्यापूर्वी सांगितलेल्या मृत्युपत्रात त्याने आपल्या पालटाची सुरुवात कुष्ठरोग्यांपासून सांगितली आहे. ज्यांच्याकडे पाहवत नव्हते, त्यांच्यात तो राहू लागला आणि मग बाकीचे बदलले. म्हणून या पुस्तकात ‘दारिद्र्य’ आले की वाचकाने त्याच्या जागी ‘अपरिग्रह’ वाचावे. आणि कुष्ठरोगी, भिकारी, कर्जदार आले की गरिबी हा शब्द त्याच्या पुऱ्या वजनासह वाचावा.

अपरिग्रहाची ओळख आपल्याला बाहेरून करून घ्यावी लागत नाही. त्याच तेराव्या शतकात चक्रधर स्वामींचे शिष्य हातात झोळी घेऊन मराठी मुलखात फिरत होते. नांदेड जिल्ह्यातले माहूर महानुभावांचे पूज्य स्थान आहे. भिक्षान्नावर राहायचे, साठवायचे नाही, लोकांच्या भाषेत बोलायचे, हा त्यांचा नेम. फ्रान्सिसने सूर्य, चंद्र, वारा आणि पाण्याला भाऊ-बहिणी म्हणणारे आपले स्तोत्र लॅटिनमध्ये रचले नाही, उंब्रियातल्या घरच्या बोलीत रचले, हे कळल्यावर लीळाचरित्र वाचलेल्या माणसाला ओळखीचे काही भेटल्यासारखे होते. दुसरीकडे, लातूरहून फार दूर नसलेल्या कल्याण नगरीत बसवेश्वरांनी बाराव्या शतकातच कायक आणि दासोह यांची जोड सांगितली होती. आधी घाम, मग दान. फ्रान्सिसचा कल इथेही जवळचा निघतो. बंधूंनी हाताने काम करावे, ज्याला काम येत नाही त्याने शिकावे, आणि मजुरी मिळाली नाही तरच दारोदार जावे, असे त्याने मृत्युपत्रात बजावले. या तुलना मी एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरवण्यासाठी केलेल्या नाहीत. वाचकाने आपल्या घरच्या दिव्याने हा परमुलूख पाहावा, एवढ्यासाठी त्या इथे आहेत.

आता मूळ पेचाकडे येऊ. संघाला १२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी तोंडी मान्यता दिली. लेखी नियम २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी मंजूर केला. संघाचे नावच मुळी ‘धाकटे भाऊ’. नियम थोडका होता. एक टोपीचा अंगरखा, हवा तर एक बिनटोपीचा, कमरेला दोरी, फाटले तर गोणपाटाचे ठिगळ. नाण्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याकरवी स्वीकारायचेही नाही. घर नाही, जागा नाही, कशाचीही मालकी नाही. पुढे दोरीला तीन गाठी मारण्याची रीत पडली; दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते.

दहावीस माणसांना हे जमते. हजारोंना कसे जमावे? आजारी बंधूला छप्पर लागते, शिकणाऱ्याला ग्रंथ लागतो, प्रवचनाला जागा लागते. लोकांची भक्ती जडली की दान येते, आणि दान आले की ते कुणाच्या तरी नावे करावे लागते. यावर तोड निघाली ती आपल्याकडच्या माणसाला चटकन समजेल. देवस्थान इनामाची जमीन आपण जाणतो. सातबाऱ्यावर नाव देवाचे, पीक काढणारा निराळा. तसेच इथे ठरले. मालकी पोपांची, बंधूंचा फक्त वापर. १२७९मध्ये पोप तिसरे निकोलस यांनी हे रीतसर लिहून दिले. कागदावर फ्रान्सिसचे भाऊ अकिंचन राहिले. पण वापर किती करायचा, हे कागदाने सांगितले नाही, आणि संघाचे पुढचे सगळे भांडण त्या ‘किती’वरून झाले.

या भांडणात सर्वांत निर्मळ आवाज मला एका बाईचा वाटतो. असिसीच्या क्लाराने १२१२ साली घर सोडले आणि सान दामियानोतच आपल्या सख्यांसह राहिली. जगभरच्या मठांनी राजांकडे आणि पोपांकडे जमिनीच्या सनदा मागितल्या. क्लाराने मागितलेली सनद उलट होती. आम्हाला मालमत्ता घेण्याची सक्ती कुणी करू नये, एवढेच तिला लेखी हवे होते. पोप नववे ग्रेगरी तिच्या काळजीने तिला व्रतातून मोकळे करायला तयार होते, पण ती नको म्हणाली. १२२८ साली तिला ती सनद मिळाली. तिने स्वतः लिहिलेल्या नियमाला ऑगस्ट १२५३मध्ये मंजुरी आली, तेव्हा तिचे अखेरचे दोन दिवस उरले होते.

बंधूंच्या मठांत मात्र दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की संघ वाढला आहे, आता धान्य साठवायला कोठारे हवीत. दुसरा तट म्हणे, उद्याचे धान्य भरून ठेवले तर आजचा विश्वास कसला? पेवात वर्षाची ज्वारी असलेला शेतकरी आणि सांजेचे पीठ मागून आणणारी म्हातारी, दोघे एकच प्रार्थना म्हणतात, पण ती एकाच जिवाने म्हणत नाहीत. हे त्या दुसऱ्या तटाला उमगले होते. पोप बाविसावे जॉन यांनी तोकडे, फाटके अंगरखे टाकून देण्याचा आणि कोठारे मान्य करण्याचा हुकूम काढला. तो न मानणाऱ्या चार बंधूंना ७ मे १३१८ रोजी मार्सेय शहरात जिवंत जाळले. पुढे १३२२ साली पोपांनी ती जुनी मालकीही अंगावरून काढून टाकली. त्यांचा प्रश्न सरळ होता. भाकरी खाऊन संपवली, मग ती वापरली पण माझी नव्हती, असे कसे म्हणता येईल? १३२३मध्ये, ख्रिस्ताची आणि प्रेषितांची कशावरही मालकी नव्हती असा आग्रह धरणे हे पाखंड ठरले. संघाचे प्रमुख मिकेले दा चेझेना आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम १३२८च्या मे महिन्यात पोपांच्या आव्हीन्यों नगरीतून रात्री पळून गेले.

हे सारे युरोपात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकाला वाटत असेल. म्हणून आता ठाण्याला येतो. एप्रिल १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस. होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला निघालेले त्यांचे जहाज ठाण्याला लागले आणि ते एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. त्या घरातल्या तंट्यात साक्षीदार म्हणून काझीपुढे गेले असता धर्मावरून वाद झाला आणि त्यातून त्यांना देहदंड झाला, असे पुढच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्यासोबत आलेला डॉमिनिकन संघाचा जॉर्डेनस तेव्हा ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला.

ही हकिगत ठाण्याच्या इतिहासात सापडते. तिच्या मागची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. साठी उलटलेला हा थॉमस तरुणपणी कडव्या तटातला होता. दारिद्र्याचा नियम अक्षरशः पाळा, असे म्हटल्याबद्दल त्याच्याच संघाच्या वडीलधाऱ्यांनी त्याला कैदेत टाकले होते. १२९०च्या आसपास नव्या प्रमुखाने त्याला सोडवले आणि आर्मेनियाला पाठवले. तिथून त्याचे पाय पूर्वेकडेच वळत राहिले. म्हणजे मार्सेयला ज्या प्रश्नापायी माणसे जळाली, तोच प्रश्न उरात घेऊन एक म्हातारा ठाण्याच्या खाडीत उतरला होता. त्याच्या मरणानंतर दोनच वर्षांत त्या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर पाखंड ठरले. ठाणे आणि आव्हीन्यों ही एकाच वादाची दोन टोके आहेत. हे लक्षात आले त्या दिवशी मी हे पुस्तक लिहायला घेतले.

पोर्तुगीजांबरोबर संघ पुन्हा आला तो वेगळ्या रूपात. १५१७ साली गोव्यात त्यांचा मठ उभा राहिला. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर ते इकडेही पसरले. आंतोनियो दो पोर्तो या बंधूने बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात ख्रिस्तमंदिर केले, वर मठ आणि विद्यालय बांधले. देवळाच्या नावे चालणारे उत्पन्न राजाने या मठाकडे वळवले. ज्यांच्या नियमात नाण्याला शिवायचे नव्हते, ते दुसऱ्याच्या देवाच्या उत्पन्नावर पोसले गेले. लेण्यात मूर्ती छिलून कोरलेला क्रूस आजही दिसतो. त्याच्यापुढे उभे राहिल्यावर मन घट्ट करून सांगावे लागते की इथे संघाने आपलेच व्रत मोडले. राजसत्तेचा हात धरून चाललेल्या अपरिग्रहाचे हेच होते. ही नोंद मी लपवलेली नाही. संघावर प्रेम करणाऱ्या वाचकानेही ती वगळू नये.

वसईच्या किल्ल्यात संत अँथनीच्या नावाचे त्यांचे ख्रिस्तमंदिर छप्पर हरवून उभे आहे. मी गेलो तेव्हा नुकता पाऊस होऊन गेला होता. पायाखाली पाहिले तर जमीन म्हणजे सगळ्या थडग्यांच्या शिळा. ढालींसारखी घराण्यांची चिन्हे, खाली पोर्तुगीज अक्षरे, आणि अक्षरांच्या खाचांतून साचलेले पाणी. गावातल्या बड्या सरदारांना शेवटची जागा हवी होती ती या भिक्षूंच्या घरात. श्रीमंताला जगताना जे जमले नाही, ते मेल्यावर शेजाराने तरी मिळावे, अशी ती इच्छा असेल. पण त्याच शिळांनी भिक्षूंचे घर हळूहळू सरदारांचे झाले. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तो अध्याय मिटला. गोव्यातले मठ १८३५मध्ये पोर्तुगालच्याच सरकारने बंद केले. जुन्या गोव्यातल्या फ्रान्सिस्कन मठात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

याच वसईने संघाला त्याच्या मुळाशी नेणारा माणूसही दिला. गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकून तो पंधराव्या वर्षी जपानला गेला, जपानी भाषा शिकला. त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही तेव्हा व्यापारात उतरला आणि चांगला जम बसवला. मग मनिला इथे त्याने तो व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कनांत साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांचा दुभाषा म्हणून तो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात गेला. क्योतोत या बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने उघडले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवून मारले, त्यांत गोन्सालो होता. ८ जून १८६२ रोजी त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. चालता धंदा सोडून तो कुष्ठरोग्यांच्या बाजूला गेला, हे वाचताना असिसीचे ते दुकान पुन्हा डोळ्यांपुढे येते.

या पुस्तकातले एक प्रकरण पैशाचे आहे, आणि सावकारी पाहिलेल्या आपल्या भागातल्या वाचकाने ते सावकाश वाचावे अशी माझी इच्छा आहे. पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन प्रवचनकारांनी इटलीत गहाण ठेवून थोड्या व्याजावर कर्ज देणाऱ्या गरिबांच्या पेढ्या उभ्या केल्या. पेरूज्यातली पेढी १४६२ची. गरिबाला दिलेले कर्ज त्याला बुडवण्याऐवजी तारू शकते, हे त्यांनी करून दाखवले. त्याच प्रवचनांत ज्यू सावकारांविरुद्ध विखारही होता आणि त्याची झळ निरपराध ज्यू वस्त्यांना लागली, हेही त्या प्रकरणात आहे. आमच्या अडतीवर रोज लिहिली जाते त्या नावे-जमेची दुहेरी पद्धत १४९४ साली छापून जगापुढे मांडली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कनानेच. ज्यांनी पैसा हातात धरायचा नाही असे ठरवले होते, त्यांनीच पैशाचा इतका बारकाईने विचार केला. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला पैशाची भूल पडलेली नाही, त्याला त्याचा हिशेब स्वच्छ दिसतो.

फुटीचा इतिहास मी थोडक्यात आवरला आहे. १५१७ साली पोप दहावे लिओ यांनी नियम कडक पाळणारे आणि सवलतीने पाळणारे यांचे दोन संघ केले. १५२८मध्ये लांब टोकदार टोपीचे कापुचिन वेगळे झाले. याच कापुचिनांपैकी स्वित्झर्लंडचे बिशप अनास्तासियुस हार्टमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचा कारभार पाहिला आणि १८५०मध्ये तिथे कॅथलिकांचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. दर दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी उठते आणि ‘आपण फार साठवले’ असे म्हणून नव्याने सुरुवात करते, हा या संघाचा क्रम आहे. काही अभ्यासक त्याला दुबळेपणा म्हणतात. मला ती त्याची ताकद वाटते. ज्या संस्थेत असे म्हणणारा माणूस जन्मायचा थांबतो, तिची इमारत तेवढी उरते. हे मठांना लागू आहे, तसेच आपल्या शिक्षणसंस्थांना, सहकारी संस्थांना आणि देवस्थानांनाही लागू आहे.

२०१३ साली अर्जेंटिनाच्या एका जेझुइटाने पोप झाल्यावर फ्रान्सिस हे नाव घेतले. आठशे वर्षांत कोणत्याही पोपने ते घेतले नव्हते. ते नाव घेतले की काय मागितले जाईल, याची सर्वांना कल्पना असावी.

हे पुस्तक भाविकासाठी लिहिलेले नाही आणि टीकाकारासाठीही नाही. आपल्या गरजेपुरते किती, हा प्रश्न ज्याला कधीतरी रात्री पडला आहे, त्याच्यासाठी ते आहे. वाचून झाल्यावर जमले तर वसईच्या किल्ल्यात जा, मंडपेश्वरलाही जा. एका जागी व्रत झिजलेले दिसेल, दुसऱ्या जागी मोडलेले. मग नागासाकीला गेलेल्या वसईकराची आठवण ठेवा.

फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी वारला. २०२६मध्ये त्याला आठशे वर्षे होतात. शेवट जवळ आला तेव्हा त्याने आपल्याला उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितले. मठाच्या प्रमुखाने एक अंगरखा पुढे केला आणि तो तुला उसना देतो आहे असे सांगितले, म्हणजे मरतानाही त्याच्या नावावर काही राहू नये. कापड व्यापाऱ्याच्या मुलाने तो उसना अंगरखा आनंदाने घेतला.

लातूर